आवक शिक्का नसलेलं पत्र

थोर माणसांना मृत्यू नसतो. हे वाक्य निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, आणि बरोबर त्याखाली, जरा लहान टायपात, 'प्रथम पुण्यस्मरण' असं होतं. पत्रिका चार पानी, जाड, लग्नाला शोभेल अशी. तीत अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष, विशेष अतिथी आणि विनीत मिळून इतकी माणसं होती, की ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्यांचं नाव शोधायला मला चष्मा पुसून घ्यावा लागला.

त्यांचं नाव मी इथंही लिहीत नाही. इंदापूर तालुक्यात पूर्ण नाव घेतलं तर लोक क्षणभर विचारात पडतात, 'मास्तर' म्हटलं की लगेच बसायला सतरंजी टाकतात. ते आधी खरोखरच प्राथमिक शाळेत मास्तर होते. वर्गात पाण्याचा एकच माठ ठेवायचा आणि सगळ्या मुलांनी त्याच माठातून प्यायचं, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यापायी एका वर्षात त्यांच्या तीन बदल्या झाल्या. चौथी बदली येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला आणि गावोगावचे पाणवठे सगळ्यांना मोकळे करण्यासाठी पायी फिरू लागले. मार खाल्ला, तुरुंगात गेले, निवडून आले आणि अडीच वर्षं राज्यात मंत्रीही झाले. त्या अडीच वर्षांत त्यांची पत्रं टाइप करायला मंत्रालयात जी लघुलेखिका होती, ती मी.

स्मृती समितीचं म्हणणं असं होतं की मास्तरांनी गोरगरिबांना दिलेली मूळ पत्रं गोळा केली आहेत, बारामतीत स्मृतिदालन होतं आहे, त्या पत्रांची ओळख पटवायला मी यावं आणि जाताजाता माझा सत्कारही करून घ्यावा. सत्काराची मला हौस नाही. शाल उन्हाळ्यात उपयोगाची नसते आणि नारळ मी स्वतः आणू शकते. पण कळंब, वरकुटे, लासुर्णे, निमगाव ही नावं मी अडीच वर्षं रोज बडवली होती. बोटांना ती तोंडपाठ होती, डोळ्यांनी मात्र एकही गाव पाहिलेलं नव्हतं. म्हणून गेले.

स्वारगेटहून विनाथांबा गाडीनं निघाले. गाडी विनाथांबा असली तरी तिच्या पुढचे उसाचे ट्रॅक्टर थांबत होते. जानेवारी, म्हणजे कारखान्यांचा ऐन हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ते ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून रस्त्याच्या मधोमध डुलत जात होते. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि ट्रॅक्टरवाला गाण्याचा आवाज वाढवायचा. खिडकीतून उसाचा, ओल्या मातीचा आणि मळीचा असा मिळून एक वास येत होता. पहिल्यांदा नाक मुरडलं. बारामती येईपर्यंत तो आवडायला लागला होता.

स्टँडवर एक साठीचे गृहस्थ तीच पत्रिका चौथ्या पानावर उघडून छातीशी धरून उभे होते. माझ्या नावाखाली लाल रेघ होती.

"तुमीच का टायपिंगवाल्या मॅडम?"

"मीच."

"मी रशीद मुलाणी. समितीची गाडी माझीच हाय. म्हंजे गाडी माझी, डिझेल समितीचं." मग माझी पिशवी घेत म्हणाले, "मास्तरांचा आवाज लई मोठा हुता म्हणत्यात. तुमच्यावर वरडायचे का?"

"माझ्यावर कधीच नाही. फोनवर ओरडायचे."

"मग बरोबर. आमचं वडील त्यांच्यासंगट गावोगाव फिरायचे, त्यांच्यावर बी कधी वरडले न्हाईत. नुसतं बगायचे. वडील म्हणायचे, त्यापरास शिव्या बऱ्या."

जळोचीला समितीचे सचिव कदम सर यांच्याकडे माझी उतरण्याची सोय होती. जळोची म्हणजे बारामतीची कड. घराच्या एका बाजूला नव्या इमारतीचे खांब उभे राहत होते आणि दुसऱ्या बाजूला मक्याचं रान होतं. कदम सर महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, सज्जन, उत्साही आणि जरा मोठ्यानं बोलणारे. त्यांच्या पत्नीनं गरम भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. शेवटचा घास संपायच्या आत सरांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेली पत्रं मांडायला सुरुवात केली होती.

हात धुऊन मी पत्रं हातात घेतली आणि चाळीस वर्षं मागे गेले. माझ्या यंत्रावरचा 'ध' ओळीच्या जरासा वर बसायचा. इथं प्रत्येक पत्रात तो तसाच वर बसलेला होता. खाली डाव्या कोपऱ्यात तिरक्या रेघेनंतर दोन बारीक अक्षरं होती, 'सु. गो.' सरकारी पत्रात ती टाइप करणाऱ्याची असतात आणि जगात ती कुणी वाचत नाही. मास्तर येरझाऱ्या घालत पत्र सांगायचे. "बाई, एका पत्रात एकच काम लिहा. दोन लिहिली की साहेब सोपं तेवढं करतो आणि दोन्ही केल्यासारखा हसतो." आणि पत्र पोस्टात टाकू द्यायचे नाहीत. समोरच्या माणसाच्याच हातात द्यायचे. "पोस्टानं गेलं तर मिळालंच नाही म्हणतील. हा स्वतः टेबलासमोर जाऊन उभा राहील, तेव्हा नाही म्हणून दाखवावं." माणूस टेबलासमोर ताठ उभा राहिला पाहिजे, हाच त्यांचा सगळा कार्यक्रम होता. पत्र हे निमित्त.

"बघा ताई," कदम सर म्हणाले, "एकाही पत्राला डाग नाही, सुरकुती नाही, टाचणीचं भोकसुद्धा नाही. लोकांनी जिवापाड जपलंय."

मी एक पत्र उलटून पाहिलं. मग दुसरं. मग सगळीच. जन्म सरकारी कचेरीत गेल्यामुळे कागदाची मागची बाजू आधी बघायची सवय असते. कुठलंही पत्र कचेरीत पोचलं की त्यावर पहिल्यांदा आवक शिक्का पडतो, म्हणजे आल्याची तारीख आणि नोंदीचा क्रमांक. मग ते फाइलला लागतं, त्याला दोन भोकं पडतात आणि ते पुन्हा घरी येत नाही. इथं टेबलावर बत्तीस मूळ पत्रं होती. एकावरही शिक्का नव्हता.

"सर," मी म्हटलं, "ही पत्रं कुणी दिलीच नाहीत."

"म्हणजे?"

"तहसीलदाराला लिहिलेलं पत्र तहसीलदाराकडे असायला हवं. ते या माणसाच्या घरी आहे, म्हणजे हा कचेरीत गेलाच नाही."

कदम सरांनीही एक पत्र उलटून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे ही जास्तच दुर्मीळ झाली की!"

संध्याकाळी त्यांनी दालन दाखवलं. अर्धपुतळा पांढऱ्या कापडात झाकलेला होता. पुतळ्याला कोट होता, असं कडेनं दिसत होतं. मास्तरांनी कोट घातलेला मी कधी पाहिला नाही, पण शिल्पकाराकडे कोटाचा साचा असावा. समोर मधोमध काचेची एक मोठी पेटी रिकामी होती.

"ही वरकुट्याच्या पत्रासाठी," सर म्हणाले. "मंत्री असताना मास्तर वस्तीपासून स्मशानापर्यंत स्वतः चालत गेले आणि तिथल्या तिथं ओट्यावर बसून पत्राचा मजकूर लिहिला. आठवतं?"

न आठवायला काय झालं? त्या दौऱ्यावर मी नव्हते, पण त्यांनी वहीत खरडलेला मजकूर दुसऱ्या दिवशी मीच टाइप केला होता. ते पत्र मास्तरांनी पुढच्या दौऱ्यात वस्तीवर हातोहात दिलं.

"ते पत्र एका म्हातारीकडे आहे. देत नाहीये. उद्या तुम्ही जा. टाइप करणारी बाई स्वतः आली म्हटल्यावर नाही म्हणणार नाही. परवा अकराला उद्घाटन आहे."

दुसऱ्या दिवशी रशीदभाई आणि मी सकाळीच निघालो. भवानीनगरच्या पुढे कालवा रस्त्याला लागून चालतो. पाणी होतं, त्यात आभाळ होतं आणि बायका धुणं धूत होत्या. दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच, की गाव आलं हे शाळेच्या पाटीवरूनच कळायचं. लासुर्ण्याची पाटी आली तेव्हा मी ती मोठ्यानं वाचली. रशीदभाईंनी वळून पाहिलं.

"कोण वळकीचं हाय का हितं?"

"नाही. गावाचं नाव ओळखीचं आहे."

कळंबला हमीद शिंपी यांचं दुकान आहे. रस्त्यालगत एक खोली, दोन मशिनं आणि भिंतीवर फ्रेम. फ्रेमला सुकलेला गजरा. खादी आयोगाच्या योजनेतून शिवणयंत्र द्यावं, असं हमीदभाईंच्या वडलांसाठी लिहिलेलं ते पत्र. 'धंद्यासाठी' या शब्दातला 'ध' ओळीवर चढून बसला होता.

"मशीन मिळालं का?" मी विचारलं.

"न्हाय हो. अब्बा म्हणाले, मशीन कुठंबी मिळंल, मंत्र्याची सही कुठं मिळायची? कागद हापिसात दिला म्हंजे गेला. मग लोकांस्नी काय दावायचं?"

"मग मशीन?"

"मामूनं जुनं दिलं. ह्ये काय," त्यांनी पायाखालच्या मशीनवर थाप मारली, "अजून चालतंय. सही बी चालतीय. ह्या पत्रावर माज्या बहिणीचं लगीन ठरलं. पावणे आले, पत्र वाचलं, म्हणाले वजनदार घर हाय."

रशीदभाई चहात खारी बुडवत म्हणाले, "आता दे की मग समितीला. कवाचं मागत्यात."

"घेऊन जा. पर गजऱ्यासंगट न्या," हमीदभाई म्हणाले. मला म्हणाले, "तुमी टायप केलं व्हय? एकदम सरळ रेघंत हाय. शिलाईवाणी."

माझ्या कामाचं इतकं नेमकं कौतुक मंत्रालयात कुणी केलं नव्हतं. ते मी अजून कुठं कुठं सांगत असते.

वरकुट्याला पोचायला दुपार झाली. गाव मागे टाकून गाडी वस्तीशी थांबली. पंधरा-वीस घरं, एक समाजमंदिर, दारात शेळ्या. हौसाबाई ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या आसपास, काटक, डोळ्यांवर जाड काचा. शेजारी त्यांची सून मंगल ज्वारी पाखडत होती.

मी कोण ते रशीदभाईंनी सांगितलं. हौसाबाईंनी मला पायांपासून वर पाहिलं.

"तुमी लिवलं त्ये?"

"मास्तरांनी सांगितलं, मी टाइप केलं."

"मंजे तुमीच की. मंगल, बाईंला माडगं दे." हुलग्याचं माडगं (भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं, गूळ घातलेलं गरम पातळ पेय) मोठ्या पेल्यात आलं. जिभेला चटका बसला आणि पोटात ऊन पडल्यासारखं वाटलं.

फ्रेम आत देव्हाऱ्याच्या शेजारी होती, ती मंगलनं बाहेर आणली. पत्र साडेतीन ओळींचं होतं. 'सदर वस्तीची स्मशानभूमीकडे जाणारी पायवाट मी स्वतः चालून पाहिली आहे. ती गावनकाशावर दाखवून कायम मोकळी ठेवण्यात यावी. पत्र आणणाऱ्यांना केलेल्या कार्यवाहीची लेखी पोच द्यावी.' खाली ती ठसठशीत सही.

"हे कचेरीत का दिलं नाही, मावशी?"

"आमचं मालक गेलते की. इंदापूरला, धुतलेलं धोतार नेसून. दारातनं आत बगितलं, तर टेबलावर ही कागदाची रास! म्हणले, ह्यात आपला कागद गेला तर कसा हुडकायचा? आले माघारी. येताना फ्रेम करून आणली." त्यांनी लसणाचा नवा गड्डा घेतला. "तवा वाट हुती हो. पत्राची घाईच नव्हती. समदे जायचे. मग भगवानरावांनी मोटार बसवली, पानी आलं, ऊस आला. नांगरताना वाट बी नांगरली. मालक गेले तवा बांधाबांधानं न्यायला लागलं. पावसाळा. दोनदा खांदेकऱ्यांचा पाय घसरला."

"आता केस चालू हाय तहसीलात," मंगल म्हणाली. "भगवानराव म्हणत्यात, हितं वाट नव्हतीच कंदी. आमच्याकडं दुसरा कायबी पुरावा न्हाय. ह्यो एकच कागद. उद्या अकराला तारीक हाय."

उद्या अकराला. मी रशीदभाईंकडे पाहिलं. ते शेळीकडे पाहत होते.

मी समितीचा निरोप जसाच्या तसा सांगितला. बारामतीत दालन होतंय, मधोमध काचेची पेटी आहे, मोठमोठे लोक येऊन दर्शन घेतील. हौसाबाईंनी हातातली लसणाची पाकळी सोलून पूर्ण केली.

"काचंत ठिवनार म्हना की."

"हो."

"आमी बी त्येच केलं बाई, चाळीस वरीस. हळदीकुंकू वाहिलं. काचंतल्या कागदावर वाट उगवली न्हाय." मग त्यांनी पदरानं फ्रेमची काच पुसली. "मला ह्या वाटंनं सरळ जायाचंय. बांधानं न्हाय. मला घाई न्हाय, पर वाट आदी झाली पायजे."

"चला, दाखवा कुठून होती," मी म्हटलं.

ही माझी चूक झाली. आदल्या दिवशी उसाला पाणी दिलेलं होतं. हौसाबाई अनवाणी, भराभर सऱ्या ओलांडत पुढे गेल्या आणि मी दहा पावलांत घोट्याएवढ्या चिखलात रुतले. पाय वर आला, चप्पल आली नाही. मंगलनं कोपरापर्यंत हात घालून शोधली, रशीदभाईंनी बांधावरून मार्गदर्शन केलं, पण ती चप्पल अजून तिथंच असावी. तेवढ्यात पलीकडून एक पांढरा शर्ट घातलेले पन्नाशीतले गृहस्थ आले. त्यांनी हात देऊन मला बांधावर ओढलं, माणसाला सांगून पाय धुवायला पाणी आणवलं. हेच भगवानराव.

"मॅडम, ह्यांचं ऐकून तुमी मला राक्षस समजू नका," ते हसून म्हणाले. "मयत झाल्यावर मी कुणाला अडवलंय का? विचारा की ह्यास्नी. आदल्या दिवशी येऊन इचारलं, तर मी सरी मोडून जाऊ देतो. गेल्या साली तर स्वतः खांदा दिला."

"दिला की," हौसाबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

"मग केस कशाला, आजी?"

"इचारायचंच का, भगवानराव? आन मरायच्या आदल्या दिवशी कसं इचारायचं?"

भगवानरावांचा माणूस मोठ्यानं हसला आणि मालकाकडे बघून थांबला. भगवानरावही हसले, पण जरा उशिरा. "कायदा लावून वाट न्हाय मिळायची," ते म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची आणायला सांगून निघून गेले.

मंगलनं मला तिच्या निळ्या रबरी सपाता दिल्या.  परतताना जंक्शन नावाच्या गावाशी उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तेव्हा रशीदभाई म्हणाले, "मॅडम, मास्तर आसते तर उद्या अकराला कुठं गेले आसते?"

"रशीदभाई, हा प्रश्न फार सोपा आहे. अवघड प्रश्न कदम सरांना काय सांगायचं हा आहे."

कदम सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, साडेतीन ओळी आहेत. झेरॉक्स नेऊ देत त्यांना. मूळ प्रत उद्घाटनापुरती तरी..."

"समोरचा वकील पहिल्यांदा मूळ प्रतच मागेल."

"आणि मी पाहुण्यांना काय दाखवू? पेटी रिकामी?"

ते रागावलेले नव्हते, दुखावले होते. त्यांच्या वडलांना मास्तरांनी सरकारी विहिरीवर हात धरून नेलं होतं. हे दालन उभं करायला ते वर्षभर दारोदार फिरले होते. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून बोलणं अवघड झालं.

"सर, मूळ प्रत आहे आणि टाइप करणारी बाईही आहे, असं त्या कचेरीत एकदाच होईल. माझा सत्कार नंतरही करता येईल."

"शाल आणून ठेवलीय," सर पुटपुटले. मग उठून आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "रशीदला सांगतो, सकाळी लवकर निघा. हंगामाचे दिवस आहेत, रस्त्यात ट्रॅक्टर असतात."

तहसील कचेरी सकाळी दहालाच भरून गेली होती. हौसाबाई धुतलेलं लुगडं नेसून, फ्रेम कापडात गुंडाळून पायरीवर बसल्या होत्या. आधी पत्र फ्रेममधून काढणं भाग होतं. रशीदभाईंनी गाडीतल्या पक्कडीनं मागचे खिळे उपटले. चाळीस वर्षांत कागदाचा वरचा कोपरा काचेला चिकटला होता. मी नखानं हळूहळू सोडवला. राजमुद्रेच्या बाजूचा एवढासा टवका काचेवर राहिला.  सही शाबूत होती.

आवक टेबलावरच्या कारकुनानं पत्र वाचलं, तारीख वाचली, आम्हाला वाचलं.

"हे कोणाला आहे?"

"तहसीलदार, इंदापूर," मी म्हटलं.

"ते साहेब कवाच रिटायर झाले असतील. वारले बी असतील."

"नावानं नाही, हुद्द्यानं आहे. हुद्दा आहे ना अजून?"

त्यानं वर पाहिलं. सरकारी माणूस सरकारी माणसाला ओळखतो. "इतका उशीर?"

"पोचायला वेळ लागला."

"कुठून आलंय?"

"वरकुट्याहून."

वरकुट्याहून इंदापूर जीपनं जेमतेम अर्धा तास.  त्यानं शाईच्या पॅडवर शिक्का दाबला आणि पत्रावर हाणला. हौसाबाई एकदम उभ्या राहिल्या.

"आवो, सहीवर मारला की!"

"जागा तितंच हुती आजी," कारकून म्हणाला आणि वहीत क्रमांक टाकू लागला.

अर्धा शिक्का मास्तरांच्या सहीवर, अर्धा कोऱ्या कागदावर. मी बघत राहिले. अडीच वर्षं मी अशी किती पत्रं टाइप केली कुणास ठाऊक, पण शिक्का बसलेलं माझं पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं. गर्दीत कचेरीची धूळ फार असते, असं मी मंगलला सांगितलं.

पुकारा झाला. तहसीलदार बाई तरुण होत्या, टेबलावर पाण्याची बाटली आणि कागदांची तीच रास. भगवानरावांच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, की हे पत्र खरं कशावरून? आजकाल काहीही छापता येतं.

"डाव्या कोपऱ्यात खाली बघा," मी म्हटलं. "रेघेनंतर दोन अक्षरं आहेत. ती माझी आहेत. माझं सेवापुस्तक आणि मंत्री आस्थापनेवरच्या नेमणुकीचा आदेश मी आणलाय."

सत्काराच्या वेळी परिचय करून देतात म्हणून ते कागद समितीनं मागवले होते. असे उपयोगी पडतील असं मलाही वाटलं नव्हतं.

तहसीलदार बाईंनी पत्र खिडकीच्या उजेडात धरलं. "मंत्री स्वतः चालत गेले होते?"

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या. "म्होरं मास्तर, मागं आमचं मालक, त्यांच्यामागं मी. लेकरू कडेवर हुतं. वट्यावर बसून लिवलं."

"भगवानराव, तुमचं वय तेव्हा काय असेल?"

भगवानरावांनी रुमालानं मान पुसली. "आसंन धा-बारा वर्षांचं."

"तुम्ही होता का तिथं?"

वकील काही बोलणार होते. भगवानरावांनी पत्राकडे पाहिलं, मग हौसाबाईंकडे. "मंत्र्याची गाडी बगायला समदंच गाव गेलं हुतं," ते म्हणाले.

"गाडी कुठं थांबली होती?"

"वस्तीवर."

"आणि तिथून मंत्री कुठून गेले?"

भगवानरावांनी रुमालाची घडी घातली आणि पुन्हा मोडली. वकिलांनी डोळे मिटून घेतले. "गेले की," शेवटी ते म्हणाले, "वाटंनं."

त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर आम्हाला काही करता आलं नसतं. हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे.

स्थळपाहणी आणि पंचनाम्याची तारीख पडली. बाहेर रशीदभाईंनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. हौसाबाईंनी पोचपावती तीनदा हातात घेऊन पाहिली आणि मंगलला म्हणाल्या, "हिला फ्रेम करायची न्हाय." रिकामी फ्रेम मात्र त्यांनी समितीसाठी रशीदभाईंच्या हाती दिली. ती बारामतीला पोचली. मधल्या पेटीत आता तीच आहे, आणि खाली कदम सरांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलं आहे, 'यातील पत्र कामावर गेले आहे.' चाळीस नावांच्या त्या सगळ्या सोहळ्यात मास्तरांना आवडलं असतं असं ते एक वाक्य. माझा सत्कार माझ्या गैरहजेरीत झाला आणि तो छान झाला असं ऐकलं.

संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला निघाले, पायात निळ्या सपाता. वाटेत पाट्या मागे पडत होत्या. पूर्वी मला वाटायचं, आपण टाइप केलेली पत्रं कुठंतरी जाऊन काहीतरी करत असतील. ती बहुतेक भिंतींवर होती, गजरा घालून. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण हमीदभाईंच्या बहिणीचं लग्न आठवलं, आणि इंदापूरच्या दारात धुतलेलं धोतर नेसून उभा राहिलेला एक माणूस आठवला. त्यानं आत बघितलं आणि कागद वाचवायचा म्हणून तो परत फिरला. मास्तरांनी हयातभर माणसांना टेबलासमोर ताठ उभं राहायला शिकवलं. टेबलावरच्या राशीवर विश्वास ठेवायला त्यांनी कुणालाच शिकवलं नाही, आणि तो त्यांचा स्वतःचाही नव्हता.

निकाल उन्हाळ्यात लागला. वाट आठ फुटी, नकाशावर तांबड्या शाईनं. मंगलनं फोन करून सांगितलं, मागून हौसाबाई ओरडून काहीतरी सुधारत होत्या. त्यांची तब्येत ठणठणीत आहे, वस्तीवर वर्षभरात कुणी वारलेलं नाही. सध्या त्या वाटेनं भगवानरावांचा ऊस कारखान्याला जातो.